पुन्हा एका अंथरुणावर : कर्करोगाच्या उपचारांनंतर जोडप्याला कशी सोबत करावी

कर्करोगाचे निदान झाले की घरात सर्वांत आधी हलतात ती अंथरुणे. भेटायला येणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून रुग्णाची कॉट सोप्यात येते, रात्री उठवायला-बसवायला माहेरची आई किंवा बहीण शेजारी निजू लागते, आणि नवरा माडीवर किंवा मळ्यातल्या घरात झोपायला जातो. त्या वेळी ते योग्यच असते, कारण किमोच्या रात्री उलट्यांनी हैराण झालेल्या माणसाजवळ जाणते माणूस लागते. पुढे उपचार संपतात, डोक्यावर केस येतात, तपासण्यांमधले अंतर महिन्यावरून तीन महिन्यांवर जाते, पाहुणे आपापल्या गावी परततात. पण अंथरुणे मात्र जिथे गेली तिथेच राहतात. ती परत आणा असे सांगणे आपले काम आहे असे घरातल्या कोणालाच वाटत नाही, आणि नवरा-बायकोला ते तोंडाने म्हणणे जड जाते.

हे मार्गदर्शन अशा जोडप्यांच्या आसपास असणाऱ्यांसाठी आहे: परिचारिका, समुपदेशक, आशाताई, फॅमिली डॉक्टर, किंवा घरातली एखादी विश्वासाची जाऊ वा नणंद. जोडप्याने स्वतः वाचले तर अधिकच चांगले. कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांतील कुटुंबांबरोबर बसताना मला जे उपयोगी पडले ते येथे लिहीत आहे. औषधे आणि त्यांच्या मात्रा यांचा निर्णय मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच असावा.

प्रश्न उंबऱ्यावर येतो

एका काकींचे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे उपचार संपून चार महिने झाले होते. तासभर आम्ही भूक, झोप, लघवीची जळजळ, पुढच्या तपासणीची तारीख असे सगळे बोललो. फाइल पिशवीत गेली, काकी बाहेर जाऊन चपला घालू लागल्या, आणि काका उंबऱ्यावरून मागे फिरले. “ताई, आणखी एक इचारायचं हुतं.” मग बराच वेळ ते खिडकीबाहेर पाहत राहिले. शेवटी म्हणाले, “आमी एका हातरुणात निजलो तर चालतंय न्हवं? तिला काय हुईत न्हाई न्हवं?” त्यांची अंथरुणे अकरा महिने वेगळी होती. संबंध ठेवावेत की नाही हा त्यांचा प्रश्नच नव्हता. शेजारी झोपल्याने तिला इजा होईल, या भीतीने ते दूर राहिले होते. त्यांच्या दूर राहण्याचा काकींनी काय अर्थ लावला होता, ते मला पुढच्या भेटीत समजले. त्या म्हणाल्या, “आता माझा त्यास्नी किळस येतोय.”

तेव्हापासून हा विषय मी तासाच्या शेवटी येण्याची वाट पाहत नाही. भूक आणि झोप यांच्याच ओळीत, त्याच आवाजात तो विचारते. वाक्य साधे ठेवावे. “या उपचारांनंतर बऱ्याच नवरा-बायकोंना जवळ येण्याबद्दल शंका असतात, आणि त्या विचारायला संकोच वाटतो. तुम्हाला काही विचारावेसे वाटले तर आज किंवा पुढच्या वेळी विचारा.” एवढे म्हणून थांबावे आणि लगेच उत्तराची अपेक्षा करू नये. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅक ॲनन यांनी १९७६ मध्ये अशा बोलण्याच्या चार पायऱ्या मांडल्या, त्या आजही कामी येतात: प्रथम बोलण्याची मोकळीक द्यावी, मग मोजकी माहिती द्यावी, त्यानंतर त्या जोडप्यापुरती नेमकी सूचना करावी, आणि एवढ्याने न भागणाऱ्या थोड्या जणांना तज्ज्ञाकडे पाठवावे. माझा अनुभव असा, की बहुतेकांचे काम पहिल्या दोन पायऱ्यांवरच होते, आणि आपण चुकतो ते नेमके पहिलीवर, कारण ती चढायला ज्ञान नव्हे तर धीर लागतो.

शब्द समोरच्या माणसाचे वापरावेत. लोक ‘संबंध’ म्हणतात, ‘जवळ येणे’ म्हणतात. रेडिएशनला ‘लाईट’ म्हणतात. पण शब्दाचा अर्थ पडताळून घ्यावा. ‘पिशवी’ हा शब्द गर्भाशयासाठी वापरतात आणि आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटाला लावलेल्या थैलीसाठीही, त्यामुळे “पिशवीमुळे भीती वाटते” हे वाक्य कोणत्या पिशवीबद्दल आहे ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. उलट, आपण बोलताना अवयवाचे नाव घेणे टाळले तर समोरच्याला वाटते की हे खरोखरच लाजिरवाणे आहे. योनिमार्ग, लिंग, स्तन हे शब्द सरळ उच्चारावेत आणि एकदा समजावून सांगावेत.

दोघांशी आधी स्वतंत्र आणि मग एकत्र बोलावे, कारण पतीसमोर पत्नी “काही त्रास नाही” असेच म्हणते आणि पत्नीसमोर पती आपली ताठरता येत नाही हे सांगत नाही. आमच्याकडे फाइल बहुधा मुलाच्या किंवा सुनेच्या हातात असते. त्यांना औषधांच्या खिडकीवर रांगेत उभे राहायला पाठवावे आणि तेवढ्या वेळात बोलून घ्यावे. मुलाला मध्ये घालून हा विषय कधीही काढू नये. एका रुग्णालयात मला अशा बोलण्यासाठी जागा दिली होती ती एका हिरव्या पडद्याच्या आड, आणि पडद्यापलीकडे पुढचा रुग्ण बसलेला असे. तेथे कोणीही काही बोलले नाही याचे नवल नाही, आणि त्या महिन्यांत जे रिकाम्या हाताने परत गेले त्यांचे मला आजही वाईट वाटते. दार लागेल अशी खोली नसेल तर आवारातल्या झाडाखालचा बाक पडद्यापेक्षा बरा.

वयावरून अंदाज बांधू नये. सत्तरीतील जोडप्यालाही हा प्रश्न असतो, आणि लग्नाला वर्ष न झालेल्या मुलीला तो असूनही ती सासूसमोर मान खाली घालून बसते.

आधी भीती काढावी

जवळीक थांबते ती पुष्कळदा दुखण्यामुळे नव्हे, तर गैरसमजामुळे. म्हणून शरीराच्या आधी समजुतीकडे वळावे. कर्करोग स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, चुंबनाने किंवा संबंधाने दुसऱ्याला होत नाही. बाहेरून दिलेला लाईट संपला की शरीरात किरणे उरत नाहीत. गर्भाशयमुखासाठी आतून दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या उपचारातही किरणांचा स्रोत काही मिनिटे आत राहून बाहेर काढला जातो, त्यामुळे घरी आलेल्या बाईपासून पतीला वा नातवंडांना धोका नसतो. अपवाद थायरॉइडच्या कर्करोगासाठी दिल्या जाणाऱ्या किरणोत्सारी आयोडीनचा. त्यात काही दिवस अंतर ठेवायला सांगतात आणि ते पाळावे. संबंध ठेवल्याने आजार उलटतो, ही समजूतही खरी नाही.

एका गोष्टीवर मात्र थोडा अधिक वेळ द्यावा लागतो. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो आणि तो विषाणू संबंधातून पसरतो, हे कोणीतरी मोबाइलवर वाचते, आणि घरात संशय शिरतो: कोणी कोणाला दिला? येथे स्पष्ट सांगावे की हा विषाणू अतिशय सर्वसामान्य आहे, आयुष्यात कधी तरी तो बहुतेकांना होऊन जातो, बहुतेकांच्या शरीरातून आपोआप निघून जातो, आणि काही स्त्रियांत तो दहा-वीस वर्षे गुपचूप राहून मग आजार करतो. त्यामुळे आजच्या निदानावरून कोणाच्याही वागण्याचा निष्कर्ष काढता येत नाही. हे वाक्य पती-पत्नी दोघे समोर असतानाच, शक्य तर डॉक्टरांच्या तोंडून वदवून घ्यावे. एकट्या बाईला सांगितले तर ते घरी पटवून देण्याचा भारही तिच्यावरच पडतो.

कधी थांबावे

शेजारी झोपणे, हात धरणे, कुशीत घेणे यांना बहुतेक कोणत्याही टप्प्यावर मनाई नसते. प्रत्यक्ष संबंधासाठी मात्र काही काळ थांबावे लागते. गर्भाशय काढल्यानंतर आतील टाके भरेपर्यंत साधारण सहा ते आठ आठवडे, आणि तेही डॉक्टरांनी तपासून मोकळे केल्यावरच. किमो चालू असताना पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट फार खाली गेल्या असतील तर टाळावे, कारण जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव यांची भीती असते. औषधाचा अंश शरीरस्रावातून जात असल्याने किमोच्या प्रत्येक मात्रेनंतर काही दिवस निरोध वापरावा. किती दिवस, हे औषधागणिक बदलते, तेव्हा विचारून घ्यावे. पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणारच नाही असे समजू नये. किमोच्या आणि टॅमॉक्सिफेन या स्तनाच्या कर्करोगावरील हार्मोनविरोधी गोळीच्या काळात गर्भ राहणे बाळासाठी धोक्याचे असते, आणि स्तनाच्या कर्करोगात गर्भनिरोधक गोळ्या सहसा चालत नाहीत, म्हणून निरोध किंवा तांबी यांविषयी बोलावे. मूल हवे असलेल्या तरुण जोडप्याने शुक्राणू किंवा बीजांडे गोठवून ठेवण्याविषयी उपचार सुरू होण्याआधी विचारायचे असते. उपचारांनंतर हा प्रश्न आला की फार उशीर झालेला असतो, आणि तो उशीर बहुधा कोणी सांगितले नाही म्हणून झालेला असतो.

लाईटनंतरचा योनिमार्ग

ओटीपोटावर लाईट घेतलेल्या बायकांसाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि सर्वांत कमी सांगितला जातो. किरणांमुळे योनिमार्गाची त्वचा पातळ आणि कोरडी होते, तिची लवचीकता जाते, आणि उपचारांनंतरच्या महिन्यांत दोन्ही बाजू एकमेकींना चिकटून मार्ग अरुंद व आखूड होऊ शकतो. बीजांडकोषांचे काम थांबल्याने चाळिशीच्या आतही पाळी जाते, अंगातून वाफा येतात, कोरडेपणा वाढतो. अशा स्थितीत कोणतीही तयारी न करता संबंध ठेवला तर दुखते, रक्त दिसते, दोघेही घाबरतात आणि पुन्हा जवळ येत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जोडप्यांची गोष्ट एवढीच असते: एकच रात्र, एकच डाग, आणि मग दोन वर्षांची शांतता.

मार्ग मोकळा ठेवण्यासाठी डायलेटर वापरतात. या गोल टोकाच्या, गुळगुळीत प्लास्टिकच्या किंवा सिलिकॉनच्या नळ्या असतात, आणि बोटाएवढ्या जाडीपासून पुढे चढत्या आकारात मिळतात. आतील दाह ओसरल्यावर, म्हणजे लाईट संपल्यावर साधारण दोन ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, डॉक्टरांनी आतून तपासून सांगितल्यावर सुरुवात करायची असते. नुसती नळी हातात देऊन “वापरा” म्हटले तर ती कपाटात राहते. मी टेबलावर ती ठेवते, बाईला हातात घेऊ देते, जेली लावून दाखवते, आणि मग सांगते: लघवी करून यावे, दाराला कडी घालावी, उताणे पडून गुडघे वर घ्यावेत, नळीच्या टोकाला आणि योनिमार्गाच्या तोंडाशी भरपूर जेली लावावी, श्वास सोडत सोडत नळी माकडहाडाच्या दिशेने हळूहळू आत सरकवावी, आणि जिथे ती अडेल तिथे जोर न करता थांबावे. तशीच पाच ते दहा मिनिटे ठेवावी, मध्ये सावकाश थोडी फिरवावी, मग हळूच काढून साबण आणि कोमट पाण्याने धुऊन कोरडी करावी. आठवड्यातून दोन ते तीन वेळा. ताण जाणवला तर चालेल, टोचणारी वेदना मात्र होता कामा नये. पुसट गुलाबी डाग दिसला तर घाबरू नये. रक्त जास्त गेले, थांबेना, घाण वास आला, ताप आला, किंवा योनिमार्गातून लघवी वा शौच झिरपते आहे असे वाटले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

नळी कुठे ठेवायची, हा प्रश्न वैद्यकीय पुस्तकांत नसतो, पण बायका तोच आधी विचारतात. मोरी सगळ्यांची एक, कपाट सगळ्यांचे एक. झाकणाचा स्टीलचा छोटा डबा, त्यात सुती कापडात गुंडाळलेली नळी, आणि डबा आपल्या साड्यांच्या खाली, ही सोय बहुतेक घरांत जमते. सासूबाईंनी पाहिलेच तर सांगावे की डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम आहे, याने पुढची तपासणी सोपी जाते. यात खोटे काहीच नाही: मार्ग बंद झाला तर आजार परत आला आहे का हे डॉक्टरांना आतून पाहताच येत नाही. म्हणूनच विधवा बाईलाही आणि ‘आता या वयात कशाला’ म्हणणाऱ्या आजींनाही हा व्यायाम सांगायचा असतो. वेळ निवडताना घर रिकामे असेल ती पाहावी. घरचे रानात गेले की दुपारची वीस मिनिटे मिळतात. नळी मिळाली नाही तर नखे काढून, हात स्वच्छ धुऊन स्वतःचे किंवा पतीचे बोट जेली लावून वापरता येते. घरातली दुसरी कोणतीही वस्तू वापरू नये.

कोरडेपणासाठी दोन निराळ्या गोष्टी असतात आणि त्यांची गल्लत होते. योनिमार्गाचे मॉइश्चरायझर हे हातापायाला लावायच्या क्रीमसारखे, संबंध असो वा नसो, आठवड्यातून दोन-तीनदा लावायचे असते; आणि पाण्यात विरघळणारी जेली ऐन वेळी लावायची असते. खोबरेल तेल घरात असते म्हणून वापरले जाते, पण तेलाने निरोधाचे रबर कमजोर होऊन फाटते, तेव्हा निरोध असेल तर तेल नको. रुग्णालयात लघवीची नळी घालताना वापरतात ती बधिर करणारी लिग्नोकेनची जेली आणून देणारेही भेटतात. तिने दुखणे कळत नाही, आणि न कळता आत इजा होते. ती यासाठी वापरू नये. वासाचे साबण आणि आत पाणी मारून धुणे पूर्ण बंद करावे. हार्मोनची क्रीम अनेकींना चांगली लागू पडते, परंतु स्तनाचा कर्करोग हार्मोनवर वाढणारा असेल, विशेषतः लेट्रोझोलसारखी गोळी चालू असेल, तर कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय तिला हात लावू नये.

मार्ग आखूड झाला असेल तर खोली आणि वेग बाईच्या हातात राहील अशी स्थिती घ्यावी, म्हणजे दोघे कुशीवर किंवा पत्नी वर. पतीला हे सांगताना मी त्याच्या काळजीलाच हाक मारते: तिला दुखू नये असे तुम्हाला वाटते ना, मग कधी थांबायचे हे तिने ठरवू द्या.

छाती, पोट, तोंड

स्तन काढलेल्या बाईला पती पाहायचे टाळतो, तो तिला त्रास नको म्हणून. आणि ती अंधारात कपडे बदलते, त्याला नको वाटेल म्हणून. पट्टी निघाल्यानंतर व्रण पहिल्यांदा परिचारिकेच्या उपस्थितीत, बाईची इच्छा असेल तर दोघांनी मिळून पाहावा. एकदा पाहिलेल्या व्रणाची धास्ती बरीच उतरते. त्या जागी बधिरपणा असतो, कधी स्पर्श उलट टोचतो, म्हणून कुठे हात चालतो आणि कुठे नको हे तिने सांगावे. शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात सुजत असेल तर त्यावर भार देऊ नये आणि तो जोरात चोळू नये. ब्लाउज किंवा कृत्रिम स्तन घालून जवळ यावेसे वाटत असेल तर तसे यावे, त्यात कमीपणा नाही.

पोटाला थैली असेल तर आधी ती रिकामी करावी, कडा नीट चिकटल्या आहेत का पाहावे, आणि वरून मऊ सुती पट्टा बांधावा. त्या दिवशी दुपारी वायू करणारे पदार्थ कमी खाल्ले की मन निवांत राहते.

आमच्या भागात तंबाखू, मावा आणि मिश्री यांमुळे तोंडाचे कर्करोग पुष्कळ दिसतात, आणि त्या रुग्णांच्या जवळिकीबद्दल कोणी बोलतच नाही, जणू हा आजार कमरेच्या वरचा असल्याने तिथे प्रश्नच नाही. जबडा उघडत नाही, लाळ गळते किंवा तोंड कोरडे पडते, वास येतो, चेहरा बदललेला असतो, आणि माणूस जेवायलाही भिंतीकडे तोंड करून बसतो. तोंड उघडण्याचे व्यायाम, उदाहरणार्थ दातांमध्ये लाकडी आइस्क्रीमच्या काड्या एकेक वाढवत ठेवणे, फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने नेटाने करावेत. झोपण्याआधी मीठ-सोड्याच्या पाण्याने चूळ भरावी. आणि ज्या गालाला, कपाळाला, मानेला स्पर्श कळतो तिथे तो मागावा. एका बाईंनी मला सांगितले, की पतीच्या ओठांऐवजी त्या आता त्यांच्या डोळ्यांवर ओठ टेकतात आणि त्यांना ते कळते.

पुरुषांच्या बाबतीत

प्रोस्टेट, मूत्राशय किंवा गुदाशयाच्या शस्त्रक्रियेत ताठरतेच्या नसांना धक्का पोहोचतो. नसा वाचवल्या असल्या तरी त्या सावरायला दीड-दोन वर्षेही लागू शकतात, हे आधी सांगितले तर पहिल्याच महिन्यात माणूस हात टेकत नाही. प्रोस्टेट काढल्यावर वीर्य बाहेर येत नाही, परंतु सुखाची जाणीव राहू शकते. ही माहिती नसलेला माणूस ‘माझे संपले’ असे समजून बसतो. हार्मोन बंद करणाऱ्या इंजेक्शनांनी इच्छाच कमी होते, तो औषधाचा परिणाम आहे आणि पत्नीवरचे प्रेम आटल्याची खूण नव्हे, हे पत्नीला आवर्जून समजावून द्यावे. लघवी थेंब थेंब गळत असेल तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम शिकावेत.

गोळ्या, निर्वात पंप, इंजेक्शन असे उपाय मूत्ररोगतज्ज्ञांकडे आहेत. सिल्डेनाफिलसारखी गोळी मात्र मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नये: हृदयासाठी सॉर्बिट्रेट किंवा तत्सम नायट्रेट औषध चालू असेल तर दोन्ही मिळून रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. एसटी स्टँडजवळच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ आणि ‘मर्दानी ताकद’ लिहिलेल्या जाहिराती असतात, त्यांच्या पुड्यांत काय मिसळलेले असते ते रुग्णाला कधीच समजत नाही. कर्जाने उपचार घेतलेल्या घरांतून तेथे पुन्हा पैसे गेलेले मी पाहिले आहेत, आणि मला त्याचा राग येतो, कारण आपण विषय टाळला म्हणूनच माणूस त्या भिंतीकडे वळला.

स्पर्शाकडे परत जाताना

१९७० च्या सुमारास अमेरिकेतील लैंगिकतेचे संशोधक मास्टर्स आणि जॉन्सन यांनी टप्प्याटप्प्याने स्पर्शाकडे जाण्याची पद्धत रूढ केली. तिचा गाभा असा, की काही आठवडे संबंध ठेवायचाच नाही असे दोघांनी ठरवायचे, म्हणजे परीक्षेची भीती जाते. मी हे सांगताना दिवाळीची आठवण काढते. नरकचतुर्दशीच्या पहाटे पत्नी पतीला तेल-उटणे लावते, ही रीत घराघरांत आहे. तसेच तेल आठवड्यातून दोनदा, रात्री वीस मिनिटे, एकदा तिने त्याच्या पाठीला आणि एकदा त्याने तिच्या पायांना लावावे. पहिल्या दोन आठवड्यांत छाती आणि गुप्तांग वर्ज्य. ज्याला तेल लावले जात आहे त्याने फक्त ‘इथे बरे वाटते’ आणि ‘इथे नको’ एवढेच बोलावे. पुढे दोघांना हवे असेल तर इतर भागांना स्पर्श, आणि संबंध सर्वांत शेवटी, किंवा मुळीच नाही. केस नुकतेच उगवत असलेल्या डोक्यावर पतीचा हात फिरला तेव्हा पहिल्यांदा रडू आले, असे एकीने सांगितले होते. लाईट घेतलेल्या जागेची त्वचा बरी होईपर्यंत तिथे मात्र तेल चोळू नये.

थकवा हा या सगळ्यांतला मोठा अडसर आहे. रात्री दहाला अंग मोडून आलेल्या बाईला पहाटेची वेळ बरी पडते. वेदनाशामक गोळी चालू असेल तर अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. आणि घरात जागा नसेल तर तीही मागावी लागते. मी एका थोरल्या जावेला सरळ म्हटले होते, “वहिनी, आठवड्यातून एक रात्र मुलांना तुमच्या खोलीत घ्या.” त्यांनी काही विचारले नाही. पुढच्या शनिवारपासून मुले त्यांच्याकडे झोपू लागली. शासकीय योजनेत ऑपरेशन आणि किमो बसते, ही एक रात्र कोणत्याही योजनेत बसत नाही. ती घरानेच द्यायची असते.

नको म्हणण्याचा हक्क

जवळीक वाढावी म्हणून आपण बोलतो तेव्हा एका धोक्याचे भान ठेवावे. काही बायकांना आजारानंतर पहिल्यांदाच ‘नको’ म्हणण्याचे कारण मिळालेले असते, आणि आपल्या सल्ल्याने ते हिरावले जाऊ नये. म्हणून एकटीला विचारावे: तुम्हाला हवे आहे का? घरात जबरदस्ती होते का? माहेरी पाठवण्याची किंवा दुसरे लग्न करण्याची भाषा कोणी केली का? उत्तर होय असेल तर डायलेटर आणि जेली बाजूला ठेवावी आणि आधी तिच्या सुरक्षिततेचे पाहावे. महिला मदतवाहिनी १८१ वर संपर्क साधता येतो. दोघांपैकी कोणाची झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येते. कोल्हापूरचे सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले असल्याने तेथे स्त्रीरोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग एकाच आवारात मिळतात. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात तपासणीसाठी रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने जाणाऱ्यांनी प्रश्न आधीच कागदावर लिहून न्यावेत, कारण तिथल्या गर्दीत डॉक्टरांसमोरची मोजकी मिनिटे रिपोर्टमध्येच निघून जातात.

प्रत्येक भेटीत हा प्रश्न पुन्हा विचारावा, कारण तीन महिन्यांनी ज्याची भीती असते ती वर्षाने नसते आणि दुसरीच आलेली असते. काका-काकींच्या बाबतीत अंथरूण सोप्यातून आत यायला दोन भेटी लागल्या. तिसऱ्या भेटीत अडचण निराळीच होती: गावातल्या औषधाच्या दुकानात काकांचा पुतण्याच बसतो, आणि त्याच्यापुढे जेली मागायची कशी? मी एका चिठ्ठीवर नाव, आकार आणि “डॉक्टरांच्या सल्ल्याने” एवढे लिहून दिले, म्हणजे त्यांना कोणत्याही दुकानात तोंड न उघडता ती नुसती पुढे करता येईल. काकांनी चिठ्ठीची चार घड्यांची घडी केली आणि खिशात ठेवली. काकींनी ती त्यांच्या खिशातून काढून आपल्या फाइलच्या कप्प्यात घातली आणि मला म्हणाल्या, “जेलीच्या दोन नळ्या लिवा ताई, तालुक्याला येणं सारखं व्हत न्हाई.”